बनूच्या संघात दहाजणी

गोंदवलं मागं पडलं तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. म्हसवड अजून पाच कोस होतं. मी अनवाणी होते, कारण नवस माझा होता. बनूचा काही नवस नव्हता, तरी घरातून निघतानाच तिनं चपला पिशवीत टाकल्या होत्या. "तुमी अनवाणी आन मी चपला वाजवत? बरं दिसतंय का वन्सं?" असं म्हणाली आणि आता माझ्यापुढं वीस-पंचवीस पावलांवर भराभरा चालली होती.

"अगं शालन, हळू!" मी हाक मारली. शालन हे बनूचं सासरचं नाव. "सिद्धनाथ काय पळून चाललाय व्हय?"

ती थांबली. वळून बघितलं, पण तिचं लक्ष माझ्याकडं नव्हतं. अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत होती. दहावर आली की थांबायची आणि पुन्हा करंगळीपासून सुरू करायची.

"दहाच हुत्यात," ती म्हणाली. "कसंबी मोजलं तरी दहाच."

हे एकोणऐंशी सालच्या माघातलं. माझ्या भावाची, जोतीरामची ही बायको. तो पलटणीत. तीन महिने मिलिटरीच्या दवाखान्यात पडून होता, तो बरा होऊन ड्युटीवर गेला म्हणून मी म्हसवडच्या सिद्धनाथाला चालत निघाले होते. बनू सांगलीला एका मुलींच्या शाळेत खेळ शिकवायची. शाळेत रजा टाकून ती माझ्या सोबतीला आली होती.

आणि पुढच्या रविवारी तिचा सामना होता. सांगलीतल्या एका तरुण मंडळानं फुटबॉलच्या स्पर्धा ठेवल्या होत्या. शेवटच्या दिवशी, पुरुषांचा सामना लागायच्या आधी, तासभर मैदान बनूला द्यायचं कबूल झालं होतं. एका बाजूला तिच्या शाळेच्या मुली, दुसऱ्या बाजूला बायकांचा संघ. त्या बायकांच्या संघात बनू स्वतः खेळणार होती. मंडळाची अट एकच होती. दोन्हीकडं अकरा-अकरा पुऱ्या पाहिजेत, नाहीतर मैदान दुसऱ्या कुणाला तरी देऊ. मिरजेच्या तिच्या जुन्या मैत्रिणी, दोघी नर्सबाया, शाळेतली शिवणाची बाई, असं करत तिनं अकरा जमवल्या होत्या. पण आठ दिवसांपूर्वी परवीन गळाली. परवीन त्यांची गोली. म्हणजे गोलात उभी राहून चेंडू अडवणारी. तिला दिवस गेले होते आणि डॉक्टरीणबाईंनी पळापळीला साफ नको म्हणून सांगितलं होतं.

तुम्ही म्हणाल, मुलींना खेळ शिकवणारी बाई, तिला एका सामन्याचं एवढं काय? तर सांगायची गोष्ट हीच आहे की बनू एकही पुरा सामना खेळलेली नव्हती. गल्लीत खेळली, शाळेच्या पटांगणात पाच विरुद्ध पाच खेळली, पोरांच्या सरावात एखादं पोरगं कमी पडलं तर त्याच्या जागी खेळली. पण अकरा विरुद्ध अकरा, चुन्यानं आखलेलं मैदान, शिट्टीवाला पंच, असा सामना एकदाही नाही. वय सव्वीस.

ती मूळची मिरजेची. मिरजेत फुटबॉलचं वेड जुनं. तिचे वडील हंबीरराव खराडे मराठा पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झाले. पलटणीत ते बॅकला, म्हणजे मागची फळी राखायला खेळायचे. घरी आले ते ट्रंकेत एक चेंडू घेऊन, वरून दोरीनं आवळायचा तसला. मुलगा नव्हता. बनू सात वर्षांची होती. त्यांनी अंगणात भिंतीकडंच्या पायरीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला आणि तिला सांगितलं, चेंडू तांब्याच्या वर वीतभर भिंतीला लागला पाहिजे आणि पाणी हललं नाही पाहिजे. बनूची आई म्हणायची, "तांब्या चेपून चेपून पार वाटी झाली त्याची, तवा कुठं पोरगीचा पाय सरळ झाला."

चौदा वर्षांची होईपर्यंत ती पोरांत खेळली. मग आईनं बंद केलं. मग मुलींना गोळा करून खेळली. परवीन त्यातलीच, शेजारच्या वजीर तांबटाची मुलगी. तांबे सांधायला त्याच्याकडंच जायचे म्हणून ओळख.

चौऱ्याहत्तर साली ती आमच्या घरात आली. लग्नात आमच्याकडं मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवीन नाव लिहायचं. नाव कोणतं, ते थोरली बहीण म्हणून मी सुचवलं. शालन. मला ते नाव फार आवडायचं. मला मूलबाळ नाही. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला आणि मी माहेरी परत आले. मुलगी झाली असती तर हेच नाव ठेवलं असतं. तेव्हापासून तिला घरात कुणी बनू म्हटलं नाही. नवीन सुनेचं माहेरचं नाव उंबऱ्याच्या आत घेऊ नये असं आमची आई मानायची. मी इथं बनू लिहितेय, ते नंतर शिकले म्हणून.

आमच्या वाडीत तिचं जमायला वेळ लागला. मिरजेच्या बायकांसारखी "मी जातो, मी येतो" असं बोलायची. आमच्या आळीतल्या पोरी तोंडाला पदर लावून हसायच्या. अंगण झाडताना एखादा खडा वाटेत आला तर वाकायची नाही, पायानं उडवायची. तो खडा नेमका उकिरड्यावरच पडायचा. आई म्हणायची, "हिच्या पायात काय भवरा हाय का गं?"

"पुढं चला की वन्सं," बनू म्हणाली. मी चालता चालता मागं पडले होते. तेवढ्यात समोरून एक बाई आली. डोक्यावर दोन घागरी, कडेवर पोर, आणि एका पायानं रस्त्यातली शेरडं बाजूला सारत चालली होती. बनू थांबून बघतच राहिली.

"तोल बघा वन्सं. घागरीतलं पाणी हलंना. डाव्या बाजूला पळवायला लय भारी." आणि सरळ त्या बाईसमोर जाऊन उभी. "ताई, पुढल्या रविवारी मोकळी हाईस का?"

बाईनं हिला खालवर बघितलं. "का? खुरपायला हाय का?"

"न्हाई. खेळायला."

"काय खेळायला?"

"चेंडू."

बाई माझ्याकडं वळली. "आवं, ह्यास्नी देवाला न्ह्या. लवकर न्ह्या." आणि हसत निघून गेली. बनूही हसली, पण शंभर पावलं चालली असेल-नसेल, पुन्हा बोटं मोजायला लागली.

माझ्या मनात मात्र दुसरंच काही घोळत होतं. नवस फेडायला जाताना मनात काही लपवून जाऊ नये असं मी मानते. देवळात जाऊन डोळे मिटले की पहिल्यांदा तेच वर येतं. आणि माझ्या मनात चार वर्षांपासून एक गोष्ट होती.

पंचाहत्तर सालच्या आखाडात बनू माहेरी गेली होती. नवीन सुनेनं आखाडात सासरी राहायचं नाही, ही रीत. तिकडं सांगलीत मुलींचा राज्याचा संघ निवडायला माणसं आली होती. हंबीरराव तिला घेऊन गेले. पाटीलकी दाखवणारे लोक बाहेर उभे राहून बोलत होते म्हणे, लग्न झालेली पोरगी पळतेय बघा. बनूनं लुगड्यावर परीक्षा दिली. त्या लोकांनी तिचं नाव लिहून घेतलं आणि निवड झाली तर पत्र पाठवू म्हणाले. तिनं शाळा सोडल्याचा दाखला दाखवला. त्यावर जे नाव होतं तेच त्यांनी लिहिलं. पत्ता मात्र आमच्या वाडीचा दिला, कारण श्रावणात ती परत येणार होती.

परत आली आणि रोज दुपारी दारात रेंगाळायला लागली. नाथाजी पोस्टमन त्या वेळेला सायकल ढकलत यायचा. मला वाटलं, जोतीरामच्या पत्राची वाट बघतेय. नवीन लग्न, नवरा लांब. मी तिला चिडवायचेसुद्धा.

ज्या दिवशी पत्र आलं त्या दिवशी ती रानात होती. मी दारात ज्वारी निवडत बसले होते, शेजारच्या तुळसाकाकी आणि आणखी दोघी-तिघी होत्या. नाथाजीनं चष्मा कपाळावर घेतला आणि मोठ्यानं वाचलं.

"कुमारी बनुताई हंबीरराव खराडे. पत्ता तुमचाच हाय की. तुमच्यात कुमारी कोण वं, साळूबाई?"

तुळसाकाकी फिस्सकन हसल्या. "लगीन हून वरीस झालं आन आजून कुमारी? का त्या मिरजंत लग्नाचं सांगितलंच न्हाई कुणाला?"

दुसरी म्हणाली, "कुणाचं पत्र हाय तरी? लिवणाऱ्यानं कुमारी समजूनच लिवलंय न्हवं."

सगळ्या हसल्या. मला कळलं होतं पत्र कुणाच्या नावचं आहे ते. नाव मला माहीत नव्हतं असं नाही. पण आमच्या सुनेला कुणीतरी कुमारी म्हणून पत्र पाठवतं, ही गोष्ट पाणवठ्यावर जायला संध्याकाळही लागली नसती. आणि मनात हेही आलं, की ते नाव तर आपण तांदळात संपवलं.

"अशी कुणी न्हाई आमच्यात," मी म्हणाले.

नाथाजीनं पेन्सिल जिभेला लावली, पाकिटावर काहीतरी लिहिलं आणि पिशवीत टाकलं.

गौरी-गणपतीत हंबीरराव आले. पडवीत बसले. "बने," ते म्हणाले, आई ऐकतेय हेही विसरले, "पत्राला उत्तर का धाडलं न्हाईस? संघ ग्येला की. तुझ्या जागी दुसरी घेतली."

"पत्र आलंच न्हाई आबा."

"आलंच न्हाई कसं? त्यांनी धाडलंय."

"न्हाई आलं."

मी आत चहाचे कप हातात घेऊन उभी होते. चहा गार होईपर्यंत मला बाहेर जाता आलं नाही. बनू रडली नाही. दुसऱ्या दिवशी गोठ्यामागच्या बाभळीच्या खोडावर एकाच जागी साल गेलेली दिसली. खाली खडे पडले होते. बरेच.

पुढच्या वर्षी जोतीराम सुटीवर आला तेव्हा तिनं खेळाच्या शिक्षिकेचा कोर्स करायचं काढलं. आई नको म्हणाली, भावकी नको म्हणाली. मी जन्मात पहिल्यांदा आईच्या विरुद्ध बोलले. सगळ्यांना वाटलं, साळूबाई किती मोठ्या मनाची. मी ते तसंच वाटू दिलं.

सांगलीला मी एकदाच गेले होते तिचं काम बघायला. शाळेमागं कृष्णेच्या बाजूला पटांगण होतं. वीस-बावीस मुली आणि चेंडू एक. तो एक चेंडू संध्याकाळी शेवटच्या अर्ध्या तासात मिळायचा. तोवर चिंध्यांचे गोळे. परकर मागं खोचून मुली त्या गोळ्यांमागं पळत होत्या आणि बनू गळ्यात शिट्टी अडकवून मध्ये उभी होती. "बघून मार गं, बघून! पाय नंतर, डोळा आदी!"

एका मुलीचे वडील, लालासाहेब नावाचे, तिला ओढून न्यायला आले होते. "बाई, पोरगी पायानं खेळती. उद्या हिच्याशी लगीन कोण करंल?"

"आवं, तुमची पोरगी पायानं खेळतीया, तुमी तोंडानं," बनू म्हणाली. "थोडा वेळ बसा. कोण आदी दमतंय बघू."

ते बसले. पोरीनं गोल केला तेव्हा उठून उभेही राहिले आणि मग आपण उभे राहिलो हे लक्षात येऊन टोपी झटकायला लागले.

पण माझ्या ध्यानात राहिलं ते वेगळंच. चेंडू चुकून बनूच्या पायाशी आला की ती तो तळव्याखाली थांबवायची, क्षणभर तसाच धरायची आणि मुलींच्याकडं हलकेच सोडून द्यायची. मारायची नाही. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, "मी एकदा मारला की मला थांबायचं जमणार न्हाई वन्सं. पोरींची येळ हाय ती."

दिवडीचा फाटा दिसायला लागला तेव्हा माझ्या टाचेत काटा मोडला. रस्त्याकडंला कडुनिंब होता, त्याच्या सावलीत बसलो. बनूनं माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला, बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि काटा कोरायला लागली. मी वयानं मोठी, पाय तिच्या मांडीवर बघून मला अवघडल्यासारखं झालं. मी ओढून घ्यायला लागले तर म्हणाली, "हलू नका. रोज दोन-चार पोरींचे काढतो मी."

मग मी बोलले. देवळात जाऊन बोलण्यापेक्षा इथंच बोलावं असं वाटलं.

"शालन, ते पत्र आलं हुतं."

पिन थांबली नाही.

"म्हाईत हाय."

"काय म्हाईत हाय?"

"तुमी माघारी लावलं ते. नाथाजीनं सांगितलं त्याच संक्रांतीला. त्याला वाटलं मला ठावं असंल."

तीन वर्षं ही माझ्या शेजारी बसून जेवली, माझं डोकं चोळलं, आजारपणात उशाशी बसली.

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? लय राग आलता. आठ दिस तुमच्या हातचं खाल्लं न्हाई मी. तुमास्नी वाटलं, उपास धरलाय. तुमी शाबूदाना भिजवत हुता माझ्यासाठी."

"आन मग?"

"मग भूक लागली."

तिनं काटा काढून बोटावर घेतला, मला दाखवला आणि फुंकून टाकला. पाय मात्र सोडला नाही. रस्त्यावरून मेंढरांचा कळप चालला होता, धूळ खाली बसेपर्यंत ती तिकडंच बघत राहिली.

"राग ग्येला वन्सं," ती म्हणाली. "त्यो सामना तेवढा जाईना. भाकरी थापताना दिसतंय, पोरींची हजेरी घेताना दिसतंय. मैदान आखल्यालं. बावीसजणी आपापल्या जागंवर हुब्या. चेंडू मधी. पंचानं शिट्टी तोंडाला लावलीया. तितकंच. वाजत न्हाई ती. म्होरं काय असतंय ते मला म्हाईतच न्हाई, मग दिसणार कसं? मी पोरींना सांगतो, शिट्टी वाजली की पोटात खड्डा पडतोय, भ्यायचं न्हाई. पोरी म्हणत्यात, बाई, तुमच्या पडला हुता का? मी म्हणतो, व्हय तर."

मी डोळे पुसले. तिच्याकडं बघवेना. "मी सिद्धनाथापुढं नाक घासते," मी म्हणाले. "तुझ्या नावानं पाच नारळ..."

"देवाला कशाला मधी घेताय?" ती म्हणाली. मला ते लागलं, आणि लागलेलं तिला दिसलं. तिनं माझा पाय खाली ठेवला, पदरानं टाच पुसली. मग माझे हात धरले आणि उलटेपालटे करून बघायला लागली, जसं मघाशी त्या घागरीवाल्या बाईला बघत होती.

"मळ्यात कडब्याची गंजी रचताना वर कोण असतं वन्सं?"

"मी. का?"

"खालनं पेंढ्या कोण फेकतंय?"

"गडी फेकत्यात. अर्जुना फेकतो."

"एक तरी पेंढी खाली पडल्याली बघितलीय का कुणी?"

"पडंल कशी? झेलायला नको?" मी म्हणाले. आणि मग ती काय विचारतेय ते माझ्या लक्षात आलं. मी हात सोडवायला लागले. "अगं ये खुळे! माझं वय एक्केचाळीस. नवरा गेलेली बाई मी. नऊवारी लुगडं. सगळी सांगली बघंल. आपल्या वाडीतलं कुणीतरी हमखास असंल तिथं. तुळसाकाकीचा जावई सांगलीलाच हाय."

"असू दे की."

"दोन्ही हात वर करून गोलात हुबी ऱ्हाऊ का मी, चारचौघांत?"

"वर न्हाई, म्होरं. छातीशी धरायचा. पेंढीगत."

ती हसत नव्हती. मी तिला इतक्या वर्षांत काही मागताना बघितलं नव्हतं. कोर्सला जायचं तेव्हाही तिनं जोतीरामला सांगितलं होतं, मागितलं नव्हतं. आता धुळीनं भरलेल्या पायांवर, उन्हात, माझे दोन्ही हात धरून बसली होती आणि तिचा आवाज एकदम लहान झाला.

"लुगडं हाय तसंच ऱ्हाऊ द्या, कासोटा आवळून घ्या म्हंजे झालं. वीस मिन्टं हिकडं, वीस मिन्टं तिकडं. मी तुमच्या म्होरंच असतो, लांब जात न्हाई. चेंडू आला तर झेला, न्हाई आला तर तुमच्या सिद्धनाथाचं नाव घेत हुबं ऱ्हावा. दहाजणी हैत वन्सं माझ्याकडं. रविवारी सांगलीला या."